अंधांची सेवा
(मठाच्या वर्धापनोत्सवात बहादरपुर येथे दिलेल्या भाषणाचा मजकूर)



या स्थानी उभे राहून बोलण्याचा अधिकार साधूंचा आणि विद्वानांचा. मी यांपैकी कोणीही नाही. दृष्टी गेलेल्या माणसांना पुन्हा आपल्या पायांनी चालावयास, आपल्या हातांनी कामे करावयास आणि आपल्या बोटांनी वाचावयास शिकविणे हा माझा व्यवसाय आहे. सरकारी भाषेत त्यास दृष्टिबाधितांचे पुनर्वसन असे नाव आहे. उत्सव समितीने मला 'अंधांची सेवा' हा विषय नेमून दिला, याबद्दल मी समितीचा ऋणी आहे. परंतु विषय हाती पडताच त्या दोन शब्दांपाशीच मी अडलो, हेही सांगितले पाहिजे.

आपल्या मराठीतील षष्ठी विभक्ती दुहेरी आहे. 'आईची सेवा' म्हटले म्हणजे आपण आईची केलेली सेवा. 'हनुमंताची सेवा' म्हटले तर हनुमंताने श्रीरामाची केलेली सेवा, असाही अर्थ होतो. 'अंधांची सेवा' या शब्दांतही हे दोन्ही अर्थ आहेत. डोळसांनी अंधांची केलेली सेवा हा पहिला अर्थ सर्वांच्या परिचयाचा आहे. अंधांनी घराची, गावाची, देवाची केलेली सेवा हा दुसरा अर्थ सहसा कोणाच्या मनात येत नाही. आज मला जे काही सांगावयाचे आहे ते या दुसऱ्या अर्थाविषयी आहे.

आपल्या या सीमेवरच्या मुलखात मराठी आणि हिंदी हातात हात घालून नांदतात. येथे अंध गृहस्थ दिसला की आपण त्याला 'सूरदास' म्हणून हाक मारतो. त्या हाकेमागे आदर असतो यात शंका नाही. या मठाच्या दाराशी असेच एक वृद्ध गृहस्थ पुष्कळ दिवस बसत असत. येणारा जाणारा त्यांना 'सूरदासजी' म्हणे, हातावर प्रसाद ठेवी आणि पुढे जाई. मीही दोन वेळा तसेच केले. तिसऱ्या वेळी त्यांनी माझा हात धरला आणि विचारले, "भाऊ, तुमचे नाव काय?" मी नाव सांगितले. ते हसून म्हणाले, "ठीक. मला वाटले, डोळस माणसालाही नाव नसते की काय." माझ्या व्यवसायातील कोणत्याही ग्रंथाने मला इतके शिकविले नाही. ज्याला मी दोन वेळा प्रसाद दिला, त्याला मी त्याचे नाव विचारले नव्हते.

आपण अंध मनुष्यासाठी दोनच आसने मांडून ठेवली आहेत. एक संताचे, दुसरे याचकाचे. या दोहोंच्या मध्ये जे साधे आसन असते, ज्यावर आपण सर्व बसतो, कोणी विणकर, कोणी केळीचा बागाईतदार, कोणी शिक्षक, कोणी चार मुलांची आई, त्या आसनावर त्याला जागा नाही. पुनर्वसन म्हणजे त्या मधल्या आसनावर त्याला पुन्हा बसविणे. याहून मोठी व्याख्या मला ठाऊक नाही.

संतांचा विषय निघाला म्हणून एक उदाहरण घेतो. आपल्या जिल्ह्याला लागून असलेल्या अमरावती जिल्ह्यातील माधानचे श्रीगुलाबराव महाराज आपणां सर्वांना वंदनीय आहेत. त्यांचा जन्म १८८१ सालचा. वयाच्या अवघ्या नवव्या महिन्यात त्यांची दृष्टी गेली. १९१५ साली, चौतिसाव्या वर्षी, पुण्यास त्यांनी देह ठेवला. एवढ्या अल्प आयुष्यात त्यांनी शंभराहून अधिक लहानमोठे ग्रंथ रचले. आपण त्यांना प्रज्ञाचक्षु म्हणतो आणि त्यांची प्रज्ञा ईश्वरदत्त होती असे म्हणून थांबतो. मी त्यापुढे एक साधा प्रश्न विचारतो. तो प्रश्न माझ्या व्यवसायाचा आहे. हे ग्रंथ कागदावर उतरले कसे? कोणीतरी त्यांना ग्रंथ वाचून दाखवीत होते. कोणीतरी त्यांनी सांगितलेले लिहून घेत होते. भोवतालच्या माणसांनी त्यांना आपले डोळे उसने दिले, परंतु त्यांचे काम त्यांच्या हातून काढून घेतले नाही. 'तुला दिसत नाही, तू स्वस्थ बैस' असे त्यांना म्हटले गेले असते आणि त्यांनी ते ऐकले असते, तर आज आपल्याजवळ काय राहिले असते? प्रज्ञा देवाने दिली असेल, पण वाचणारा आणि लिहिणारा माणसांनीच दिला. प्रज्ञा देणे आपल्या हाती नाही, वाचणारा देणे मात्र आहे.

'स्वस्थ बैस' हे शब्द फार प्रेमाने उच्चारले जातात, आणि म्हणूनच ते घातक ठरतात. याच परिसरातील एका भगिनीची हकीकत सांगतो. वय चाळिशीचे. काचबिंदूने दृष्टी हळूहळू गेली. घर चांगले, माणसे मायाळू. सासूबाईंनी आणि जावेने तिच्या हातातील एकेक काम काढून घेतले. आधी विळी, मग चूल, मग पाणी. शेवटी तिच्याकडे एक खाट उरली. त्या खाटेवर ती दोन वर्षे बसून होती. मी तेथे गेलो तो मोठ्या उत्साहाने ब्रेलची पाटी आणि टोचणी घेऊन. अक्षरज्ञान हे आपल्या शास्त्राचे भूषण, तेव्हा आरंभ त्यानेच करावा, असे मी ठरवूनच गेलो होतो. चार दिवस तिने मुकाट्याने ठिपके टोचले. पाचव्या दिवशी म्हणाली, "भाऊ, अक्षरे मागाहून शिकेन. मला आधी चुलीपाशी बसू द्या."

मी ओशाळलो. तिला काय हवे आहे हे विचारण्यापूर्वीच मी तिला काय द्यावयाचे ते ठरविले होते. दाराशी प्रसाद देऊन नाव न विचारणारा मी आणि पाटी घेऊन जाणारा मी, दोघेही एकच होतो.

मग आम्ही भाकरीला आरंभ केला. पीठ ओंजळीने मोजावे. परातीतील पाणी बोटाच्या पेराने मोजावे. थापताना कडेवर तर्जनी फिरवून जाडी पाहावी. तव्याचा मध्य उलथण्याच्या टोकाने शोधावा. भाकरी उलटण्याची वेळ वासाने ओळखावी. मिठाच्या डब्याला एक दोरा, साखरेच्या डब्याला दोन, आणि डबा जेथून घेतला तेथेच परत ठेवण्याचा साऱ्या घराने पाळावयाचा नियम. यात चमत्कार काही नाही. अंधाला देव तीक्ष्ण कान आणि नाक देतो असे आपण म्हणतो, तेही खरे नव्हे. कान तेच असतात; त्यांच्याकडे लक्ष देण्याचा अभ्यास वाढतो, इतकेच.

नवव्या दिवशी तिचे बोट भाजले. सासूबाई संतापल्या. "आमच्या घरात सुनेने बोट भाजून घ्यावे, यासाठी का तुम्ही येता?" मजजवळ उत्तर नव्हते. त्या सुनेचा हात पाण्यात धरून बसल्या होत्या. बोलता बोलता त्यांचे लक्ष स्वतःच्या मनगटाकडे गेले. चाळीस वर्षे चुलीपाशी बसलेल्या बाईचे ते मनगट. त्यावर भाजल्याचे किती डाग असतील ते मोजावयास नको. त्या गप्प झाल्या. थोड्या वेळाने जावेला म्हणाल्या, "उद्या पीठ हिच्याजवळ ठेव." बोट भाजण्याचा अधिकारही माणसाला असतो, हे त्या माउलीने मजहून आधी ओळखले. पुढे ती भगिनी ब्रेलही शिकली, पण भाकरीनंतर.

गांधारीने डोळ्यांस पट्टी बांधली. त्या निष्ठेला आपण वंदन करतो. परंतु अंध राजाला जेव्हा दोन डोळस डोळे शेजारी हवे होते, तेव्हाच ते मिटले गेले. दुःखात सहभागी होणे निराळे आणि उपयोगी पडणे निराळे.

आपल्या शास्त्रांत अंधाविषयी दोन न्याय प्रसिद्ध आहेत. पहिला अंधगोलांगूल न्याय. श्रीशंकराचार्यांनी ब्रह्मसूत्रभाष्यात त्याचा उल्लेख केला आहे. गावी जाऊ इच्छिणाऱ्या आंधळ्याच्या हाती कोणा दुष्टाने बैलाचे शेपूट दिले आणि सांगितले, हे सोडू नकोस, म्हणजे पोहोचशील. तो बिचारा श्रद्धेने फरफटत गेला. दुसरा सांख्यांचा अंधपंगु न्याय. पांगळा आंधळ्याच्या खांद्यावर बसतो. एक वाट सांगतो, दुसरा चालतो, आणि दोघेही वन ओलांडतात. या दुसऱ्या न्यायात आंधळा याचक नाही, हे आपल्या ध्यानात यावे. तो दुसऱ्याला वाहून नेत आहे. हीच ती अंधांनी केलेली सेवा.

रस्ता ओलांडणाऱ्या अंधाचा दंड धरून आपण त्याला पुढे ढकलतो, तेव्हा नकळत आपण त्याच्या हाती शेपूटच देतो. योग्य रीत उलट आहे. आपण आपला हात पुढे करावा. त्याने आपल्या कोपराच्या किंचित वर धरावे आणि अर्धे पाऊल मागे चालावे. आपल्या शरीराच्या हालचालीवरून त्याला पायरी कळते, वळण कळते, आणि नको असेल तेव्हा हात सोडता येतो. कोणी कोणास धरले आहे, एवढाच भेद. पण स्वातंत्र्य आणि पारतंत्र्य यांतील भेदही तेवढाच असतो.

पांढऱ्या काठीचेही एक शास्त्र आहे. काठी साधारण छातीच्या हाडापर्यंत उंच असावी. ती खांद्यांच्या रुंदीहून किंचित अधिक अशा कमानीत डावीउजवीकडे फिरवावी. उजवा पाय पुढे पडत असता काठीचे टोक डावीकडे टेकते, म्हणजे पुढचे डावे पाऊल जेथे पडणार ती जागा आधीच तपासली जाते. दुसऱ्या महायुद्धात दृष्टी गमावलेल्या अमेरिकन सैनिकांसाठी रिचर्ड हूव्हर यांनी ही पद्धत बसविली.

हे शास्त्र आपल्या देशात कसे रुजले, तेही थोडक्यात सांगतो. अंधांसाठी पहिली शाळा १८८७ साली अमृतसरला निघाली. १९०० साली ॲना मिलार्ड या अमेरिकन मिशनच्या बाईंनी मुंबईत शाळा काढली. परंतु प्रौढपणी दृष्टी गेलेल्या माणसाचे काय, हा प्रश्न मोठ्या प्रमाणावर पुढे आला तो महायुद्धामुळे. १९४३ साली डेहराडून येथे युद्धात अंध झालेल्या भारतीय सैनिकांसाठी केंद्र निघाले. त्याची धुरा वाहणारे सर क्लुथा मॅकेन्झी हे न्यूझीलंडचे गृहस्थ स्वतः अंध होते. १९१५ साली गॅलिपोलीच्या रणांगणावर त्यांची दृष्टी गेली होती. स्वातंत्र्यानंतर १९५० साली डेहराडूनलाच प्रौढ अंधांसाठी शिक्षणकेंद्र सुरू झाले, आणि १९५२ साली मुंबईत राष्ट्रीय अंधजन संघटना स्थापन झाली. जो स्वतः पडला आणि उठला, त्याने दुसऱ्यांना उठावयास शिकविले. येथेही षष्ठीचा तोच दुसरा अर्थ आपणांस दिसेल.

ब्रेल लिपीचीही हीच कथा. लुई ब्रेल हा खोगिरे शिवणाऱ्याचा मुलगा. तिसऱ्या वर्षी बापाच्या कारखान्यात टोकदार हत्यार लागून त्याचा डोळा गेला आणि पुढे दुसराही गेला. विशीत असताना, १८२९ साली, त्याने आपली लिपी प्रसिद्ध केली. उठावदार सहा ठिपके. त्यांच्या निरनिराळ्या मांडणीतून त्रेसष्ट खुणा. आपल्याकडे निरनिराळ्या प्रांतांत निरनिराळ्या ब्रेल लिप्या चालत. १९५१ साली सर्व भारतीय भाषांसाठी एकच भारती ब्रेल स्वीकारली गेली. हा स्मृतिग्रंथ दोन भाषांत निघत आहे, म्हणून मुद्दाम सांगतो की, भारती ब्रेलमध्ये मराठीचा 'क' आणि हिंदीचा 'क' एकच आहे. आपल्या गावचे अंध मूल एकदा लिपी शिकले की घरची मराठी आणि शाळेची हिंदी या दोन्ही त्याच्या बोटांखाली येतात. आपल्याच जिल्ह्यातील नेपानगरच्या गिरणीत १९५० नंतरच्या दशकात वृत्तपत्रांचा कागद तयार होऊ लागला आणि देशभर वाचला गेला. त्या जिल्ह्यातील अंध मुलाच्या हाती त्याला वाचता येईल असे एक पान असावे, ही मागणी अवास्तव नाही. आता तर मोबाईलही मराठी आणि हिंदी मजकूर वाचून दाखवितो. तरीही शुद्धलेखन, हिशेब आणि स्वतःचे वाचन यांसाठी लिपी हवीच. आपण मुलांना रेडिओ ऐकविला म्हणून त्यांना पाटी देणे थांबविले नव्हते.

आता व्यवहाराच्या दोन गोष्टी. ज्यांना आपण अंध म्हणतो ते सर्व अंधारात नसतात, आणि सर्वांचा अंधार कायमचाही नसतो. देशात २०१५ ते २०१९ या काळात झालेल्या राष्ट्रीय पाहणीत पन्नाशीपुढील लोकांत अंधत्वाचे प्रमाण शेकडा १.९९ आढळले, आणि त्यांतील शेकडा ६६.२ जणांच्या अंधत्वाचे कारण शस्त्रक्रिया न झालेला मोतीबिंदू हे होते. अशा माणसाला मजकडे पाठवू नका, नेत्रवैद्याकडे पाठवा. त्याची काठी शस्त्रक्रियेनंतर सुटेल.

दुसरे, अल्पदृष्टीचे रुग्ण. कोणी पुस्तक नाकाशी धरून वाचतो, पण समोरचे माणूस ओळखत नाही. कोणाला जमिनीवरचे नाणे दिसते, परंतु बाजूने येणारी सायकल दिसत नाही. कारण त्याच्या दृष्टीचे क्षेत्र नळीतून पाहावे तसे आकुंचित झालेले असते. संध्याकाळ झाली की तो चाचपडतो. लोक म्हणतात, 'ढोंग करतो.' या एका शब्दाने किती शाळकरी मुले घरी बसली असतील! २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने पूर्ण अंधत्वाबरोबर अल्पदृष्टीचीही निराळी व्याख्या केली आहे, आणि दृष्टीचे क्षेत्र दहा अंशांहून कमी असल्यास ते अंधत्वच मानले आहे. ठराविक प्रमाणाच्या दिव्यांग मुलांना सहा ते अठरा वर्षांपर्यंत विनामूल्य शिक्षणाचा हक्क त्याच कायद्याने दिला आहे. हक्क कागदावर आहे. तो घरापर्यंत नेणारा माणूस हवा.

म्हणून या मठाकडे मी तीन गोष्टी मागतो. द्रव्य मागत नाही.

पहिली मागणी. उत्सवास आसपासची गावे लोटतात. त्या वेळी दोन स्वयंसेवक वही घेऊन बसावेत आणि ज्यांना कमी दिसते त्यांची नोंद करावी. मोतीबिंदूच्या रुग्णांना शस्त्रक्रियेसाठी, मुलांना शाळेत, आणि उरलेल्यांना प्रमाणपत्रासाठी सरकारी रुग्णालयात व पुढे शिक्षणासाठी पाठवावे. नोंदीत पहिला रकाना नावाचा असावा.

दुसरी मागणी. मठाच्या पायऱ्यांच्या कडांना पिवळा रंग द्यावा, एका बाजूस कठडा असावा, आणि चपला वाटेत पडू देऊ नयेत. अल्पदृष्टीच्या माणसाला पिवळी कड लांबून कळते. वाटेतील चपला ही तर अंधाच्या पायांतील बेडीच होय.

तिसरी मागणी सर्वांत कठीण आहे. पंगतीत अंधाला निराळे बसवून आधी वाढू नका. त्याला सर्वांबरोबर बसवा, आणि 'समोर भात, उजव्या हाताला वरण, डावीकडे चटणी' एवढे सांगा. पुढचे तो करील. आणि जेवण झाल्यावर त्याला काम सांगा. फुले गुंफणे आहे, भाजी निवडणे आहे, टाळ धरणे आहे, लहान मुलांना भजन शिकविणे आहे. आपण सेवेचे पुण्य इतकी वर्षे आपल्याकडेच ठेवले. त्यांतील थोडे त्यांच्या वाट्यास येऊ द्या.

बुऱ्हाणपूरचा कुंडी भंडारा आपण सर्वांनी पाहिला आहे. सन १६१५ च्या सुमारास बांधलेली ती कुंड्यांची ओळ. सातपुड्याचे पाणी जमिनीखालून येत होतेच. जाणत्या माणसांनी ते नवे निर्माण केले नाही, त्याला वर येण्यास जागा करून दिली. आम्हां पुनर्वसनाचे काम करणाऱ्यांची मातब्बरी याहून अधिक नाही.

शेवटी मठाच्या दाराशी बसणाऱ्या त्या वृद्ध गृहस्थांकडे परत येतो. मधुमेहाने दृष्टी जाण्यापूर्वी त्यांनी तीस वर्षे यंत्रमागावर काम केले होते. त्यांच्याशी ओळख झाल्यावर आम्ही घरापासून मठापर्यंतची वाट काठीने पाठ केली: निंबाचा पार, हातपंप, मग उताराचे वळण. ते आता दाराशी बसत नाहीत. रोज सकाळी आपल्या पायांनी येतात आणि आत समया घासतात. आज ज्या समया आपल्यासमोर लखलखत आहेत, त्या त्यांच्या हातच्या आहेत.

ते या सभेत बसलेले आहेत. त्यांचे नाव मी सांगणार नाही. सभा संपल्यावर आपणच त्यांच्याजवळ जाऊन ते विचारावे, आणि आपलेही सांगावे, एवढीच प्रार्थना करून मी आपली रजा घेतो.